आदल्या दुपारचं ऊन

नरकचतुर्दशीच्या पहाटे धाडच्या आमच्या जुन्या घरात सगळ्यांच्या आधी बंब जागा व्हायचा. तांब्याचा बंब, मधून उभी नळी, नळीत मोडलेल्या पऱ्हाट्या आणि गोवरीचे तुकडे. "बंब इझू देऊ नको, बापू," आजी ओसरीवरून बजावायची. उटणं लावून होईपर्यंत पाणी कढत व्हायचं आणि घरातल्या नऊ माणसांना पुरायचं. पण वसतिगृह, लॉज, दवाखाना, मंगल कार्यालय अशा जागी शंभर माणसांना एकाच पहाटे ऊन पाणी लागतं. तिथला बंब कसा असावा, या प्रश्नापायी मी पंधरा वर्षं लोकांच्या गच्च्या चढतो आहे. मला पटलेलं उत्तर म्हणजे हीट पंप.

इतिहास भरभर सांगतो. उष्णता थंडीकडून ऊबेकडे ओढून नेता येईल, हे लॉर्ड केल्व्हिननं १८५२ मध्ये मांडलं. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियात पीटर रिटिंगरनं मिठागरासाठी त्या तत्त्वावरचं यंत्र उभं केलं. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनाला लिमाट नदीच्या पाण्यातली ऊब मिळू लागली. घरातला फ्रीज याच घराण्यातला.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. विहिरीवरच्या मोटेचा बैल पाणी तयार करत नाही. पाणी खाली असतंच, तो ते वर ओढतो. गिझरची कॉइल मात्र विजेचीच उष्णता करते, एका युनिटाला एकच युनिट. हीट पंपात वीज बैलाचं काम करते आणि विहीर असते भोवतालच्या हवेची. यंत्राच्या नळ्यांत फिरणारा आर-१३४ए हा द्रव साध्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. मेकॅनिक त्याला नुसतं 'गॅस' म्हणतात. पंख्यानं ओढलेली हवा आपल्याला गार वाटली तरी त्याला उकळायला पुरते. उकळून झालेली वाफ कॉम्प्रेसर दाबतो. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक तापतं, तशी ती तापते आणि आपली ऊब टाकीतल्या पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. मग झडपेतून त्या द्रवाचा दाब उतरतो आणि फेरा नव्यानं सुरू.

हिशेब करून पाहू. हजार लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला गिझरला सुमारे ४१ युनिट लागतात. एका युनिट विजेवर साडेतीन युनिट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला १२ पुरतात. त्यात गार पाणी मिसळलं की ४० अंशांच्या वीस लिटरच्या सुमारे ८७ बादल्या भरतात. एवढ्या फरकासाठी मी कुणाशीही रात्रभर वाद घालायला तयार आहे.

मोटेचा दाखला इथंच संपत नाही. विहीर खोल तशी बैलाची दमछाक जास्त. हवा २० अंश आणि पाणी ५५ असेल, तर निसर्गाच्या नियमानं जास्तीत जास्त नऊपट उष्णता ओढता येते. हवा १० अंशांवर आली की सातपट. प्रत्यक्ष यंत्राला यातला निम्म्याहून कमीच हिस्सा साधतो, पण उतार तोच राहतो. म्हणून ओढायचं ते पाणी वर आलेलं असताना, म्हणजे दुपारी.

आणि नेमकं हेच आपण विसरतो. बुलढाण्यातल्या एका वसतिगृहात डिसेंबरात गेलो होतो. गच्चीवर नवं यंत्र होतं, पण विजेचं बिल पाहून रेक्टर हिरमुसले होते. टायमर पाहिला, तर पहाटे चारला सुरू! बंबाची सवय यंत्राच्याही अंगी लावलेली. आमचा भाग घाटावरचा, थंडीतली पहाट बोचरी; रात्रीत सर्वात गार झालेल्या हवेतून ते बिचारं ऊब शोधत होतं. "सर, दुपारी तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत निवणार नाही का?" त्यांनी विचारलं. टाकीला जाड पफचं, म्हणजे फोमचं, अस्तर होतं. तशा टाकीतलं पाणी रात्रभरात थोडेच अंश उतरतं. आम्ही टायमर दुपारी बारावर नेला.

थोडं आडवळण घेतो, पण ऊब ओढणाऱ्या यंत्राचंच. गावातल्या दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलर दूध ४ अंशांपर्यंत थंड करतो आणि दुधातून काढलेली ऊब मागच्या बाजूनं हवेत सोडून देतो. तिथंच शेजारी कॅन धुवायला पाणी तापवत असतात! कूलरच्या मागच्या गरम नळीभोवती पाणी फिरवलं तर ऊब जवळजवळ फुकट पडेल. मला ही उधळपट्टी बघवत नाही.

सौर बंबाशी माझं वैर नाही. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ पासून ७३ सौर तबकड्या वाफ करत आल्या. लातूरच्या महानंद डेअरीत 'अरुण' तबकडीनं दूध पाश्चराइझ केलं. पण आषाढात आभाळ आठ-आठ दिवस गच्च असतं, तेव्हा सौर बंब गप्प बसतो. हीट पंपाला उलट ती दमट हवा मानवते. बाष्पाचं पाणी होताना सोडलेली ऊबही त्याला मिळते.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार बसतात, घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात तर जास्तच. दरवर्षी साफसफाई हवी. आणि साठवलेलं पाणी अधूनमधून ६० अंशांवर न्यावं, कारण कोमट टाकीत लिजिओनेला जिवाणू वाढतो.

महिन्यानं मी त्या वसतिगृहात मुक्कामाला गेलो. दुपारी यंत्राची घरघर चालू होती. पंख्यासमोर हात धरला तर गार वारा लागला. पहाटे पाचला गच्चीवर गेलो, तेव्हा यंत्र शांत होतं आणि खाली मुलं बादल्या भरत होती. आपण त्याला ऊन पाणी म्हणतो. त्या पाण्यात खरंच आदल्या दुपारचं ऊन होतं.