पॅरिसचा सूर, पालिताण्याचा जोड

ठाण्यातल्या खोपटसारख्या जुन्या वस्तीत एखादी पेटी माळ्यावरून खाली उतरते. भाता विरलेला, दोन पट्ट्या मुक्या, कप्प्यात धूळ. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: 'सूर पॅरिसचेच शोधा.' मुळात ही पेटी तिकडचीच. अलेक्झांडर दबॅं याने 1842 साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कासरिएल किंवा एस्तेव्ह हे तिथल्या सूर बनवणाऱ्यांचे शिक्के आजही दर्दी माणसं आदराने उच्चारतात. विद्युत गिटारच्या जगातही हेच चालतं. 1959 सालच्या गिटारला त्याच सालचं पिकअप हवं, स्क्रूसुद्धा त्याच सालचे. 'काळाशी सुसंगत' या शब्दाचा अर्थ मग शिक्का आणि सनावळी एवढाच उरतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. जुन्या वाद्यात घालायचा भाग कोणत्या साली बनला, यापेक्षा तो कंपनात नेमका काय करतो आणि उद्या वाद्य न बिघडवता तो बाहेर काढता येईल का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

पेटीचा सूर म्हणजे पितळी तबकडीवर एका टोकाने रिवेट केलेली पितळेची जीभ. हवा तिला खाचेतून आतबाहेर झुलवते. तिची कंपनसंख्या जाडीच्या सम प्रमाणात वाढते आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. रुंदीचा तिच्याशी जवळजवळ संबंध नसतो. 25 मिलिमीटर लांबीच्या पितळी जिभेतून 440 हर्ट्झ मिळवायचे तर जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर लागते. त्या जाडीत एक टक्का फरक पडला, म्हणजे अवघे पाच मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, तर सूर 17 सेंटने हलतो. शंभर सेंटचा अर्धा स्वर, तेव्हा हा फरक शिकाऊ कानालाही कळतो. कारागीर हीच गोष्ट हाताने करतो: टोकाशी खरडलं की सूर चढतो, मुळाशी खरडलं की उतरतो. म्हणून दुसऱ्या पेटीतून उपटून आणलेला 'अस्सल' पॅरिस सूर आधीच कोणीतरी, कशासाठी तरी खरडलेला असतो. त्याची तबकडी तुमच्या रीडबोर्डाच्या, म्हणजे सूर बसवायच्या फळीच्या, खाचेची नसते, आणि तो मिळवण्यासाठी एक पेटी मारलेली असते ती वेगळीच. त्यापेक्षा गुजरातेतल्या पालिताण्याचा नवा सूर लांबी, जाडी आणि जिभेभोवतीची फट मोजून निवडला, तर तो शेजारच्या जुन्या सुरांशी अधिक प्रामाणिक राहतो. फट महत्त्वाचीच, ती रुंद असेल तर हवा वाया जाते आणि सूर उशिरा बोलतो.

यावर पहिला आक्षेप असा की जुनं पितळ 'मुरलेलं' असतं. लाकडाबाबत अशा बोलण्याला काही आधार आहे. पितळ मात्र वाजून वाजून मुरत नाही, थकतं. 440 हर्ट्झचा सूर तासभर धरला तर जीभ जवळपास 16 लाख वेळा वाकते, आणि तडा जातो तो बहुधा मुळाशी. जुने सूर चांगले वाटतात ते त्यांच्या घडणीमुळे, आणि जे वाईट होते ते केव्हाच मोडीत गेल्यामुळे. आपल्यापुढे उरलेत ते गाळून आलेले. व्हायोलिनवाल्यांनी ही शंका तपासून पाहिली आहे. 2010 साली इंडियानापोलिसमध्ये 21 वादकांना नवी आणि जुना व्हायोलिनकार स्त्रादिव्हारी याच्या काळातली व्हायोलिनं डोळ्यांवर गडद चष्मे लावून वाजवायला दिली, तर जुनं कुठलं हे त्यांना खात्रीने सांगता आलं नाही. पेटी म्हणजे व्हायोलिन नव्हे, हे मान्य. पण नावाने कानाला फूस लावता येते, एवढं तरी त्यातून दिसतं.

मग जुन्याचा आग्रह सोडूनच द्यायचा का? नाही, तो भलत्याच जागी धरला जातो. पेटी सरसाने जोडलेली असते. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून भाता पुढच्या पिढीलाही उघडता येतो. 1959 नंतर घरोघरी पोचलेला फेव्हिकॉल त्या जोडात ओतला, तर पुढच्या दुरुस्तीला लाकूडच फाडावं लागतं. इथे काळाशी सुसंगत वस्तू म्हणजे सरस, आणि त्याची मागणी कोणी करत नाही! दुसरी जागा सफाईची. ठाण्याच्या पावसाळ्यात पितळ कळकतं, आणि चकाकीच्या हौसेने त्याला अमोनियायुक्त पॉलिश लावलं जातं. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी टरफलं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड अवस्थेत ठोकलेल्या पितळातला अडकलेला ताण या तिन्हींचा तो परिणाम, हे 1921 साली उलगडलं. सुराची जीभही स्प्रिंगसारखी राहावी म्हणून थंडच लाटलेल्या पितळाची असते. म्हणून सफाईला मऊ कोरडा ब्रश पुरे.

खरा अवघड आक्षेप वाजवणाऱ्यांचा असतो: पेटी संग्रहालयात ठेवायची नाही, मैफिलीत वाजवायची आहे, मग ती आजच्या पट्टीला आणायला नको का? फ्रान्सने 1859 साली पांढरी सहाची कंपनसंख्या 435 हर्ट्झ ठरवली. 440 चा आकडा 1939 च्या लंडन परिषदेतला. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतात, आणि ते सहन होत नाहीत. वाद्य बदलायला माझी हरकत नाही, ठाण्याच्याच डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी घडवली, पण ती नवं वाद्य म्हणून. जुन्या पेटीबाबत आधी मोजावं, कारण मधल्या काळात कोणी ती चढवलीही असेल. 435 ला असेल आणि सगळे सूर आपसात मिळत असतील, तर तंबोरा पेटीला मिळवता येतो, तबला हातोडीने उतरतो. राहिला साथीचा कीबोर्ड. त्याच्या पडद्यावर 440 च्या जागी 435 करायला अर्धं मिनिट लागतं आणि मैफल संपल्यावर तो परत 440 करता येतो. खरडलेलं पितळ मात्र जिभेवर परत बसत नाही.