खिशातला चाकू: साधा घ्या, धार राखा

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कापायचे काम म्हटले की हात आधी कोयत्याकडे जातो. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माणूस रानात शिरतो, बांबू चिरतो, कुंपणासाठी फांद्या तोडतो, सरपण फोडतो. भातकापणीला विळा असतो, घरात विळी असते. या अवजारांची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण गेल्या काही दशकांत कापायची कामेच बदलली आहेत. खताच्या गोणीची शिलाई उसवायची असते, ठिबकची नळी मापात कापायची असते, मांडवाच्या वेलाला बांधलेली नायलॉनची दोरी सोडवायची असते, बाजारात जाणाऱ्या भाजीच्या खोक्यावरची चिकटपट्टी फाडायची असते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्याला आणि आसनगावहून लोकल पकडून ठाण्या-कल्याणला कामाला जाणाऱ्यालाही दिवसातून दोन-चार वेळा असे काहीतरी कापावे लागते. एवढ्याशा कामाला कोयता फार मोठा पडतो. मग दात वापरले जातात, किल्लीने ओरबाडले जाते, नाहीतर सापडेल ते पाते उचलले जाते. ही उणीव घडीचा छोटा चाकू स्वस्तात भरून काढतो. अट एवढीच की तो विचार करून घेतलेला हवा.

म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेतले दुकान असो, कल्याणचे हार्डवेअर असो की मोबाइलवरची खरेदी, चाकू दाखवणारा आधी त्याचे रूप दाखवतो: काळा रंग, दातेरी पाठ, बटण दाबताच खटकन उघडणारे पाते, मुठीत बसवलेला दिवा, काच फोडायचे टोक. हा सगळा जामानिमा किमतीत धरलेला असतो आणि त्याची भरपाई पोलादात व सांध्यात काटकसर करून केली जाते. एकाच पैशात दिवाही हवा, स्प्रिंगही हवी आणि चांगले पातेही हवे, असे होत नाही. म्हणून ज्याचे बजेट थोडे आहे त्याने सर्वांत साधा चाकू घ्यावा आणि ठरवलेल्या रकमेतला काही हिस्सा धार लावायच्या दगडासाठी बाजूला ठेवावा. बोथट झालेला महागडा चाकू शेवटी निरुपयोगीच असतो. धार राखलेला साधा चाकू मात्र वर्षानुवर्षे काम देतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो पेपर कटरचा. वीस-तीस रुपयांत मिळतो, बोथट झाला की पात्याचा तुकडा मोडून टाकायचा, मग चाकू कशाला? कागद आणि पुठ्ठा कापण्यापुरता हा युक्तिवाद बरोबर आहे. शेतावर मात्र तो टिकत नाही. कटरचे पाते मुद्दाम तुटण्यासाठीच केलेले असते. ओल्या दोरीवर किंवा जाड नळीवर थोडा आडवा जोर पडला की ते मोडते आणि तुकडा उडतो. तो गवतात पडला तर अनवाणी पायात किंवा चरणाऱ्या गुराच्या तोंडात जाण्याची भीती असते. शिवाय पात्याची पेटी पुन्हापुन्हा विकत घ्यावी लागते. घडीच्या चाकूचे पाते जाड असते, ते मुठीत पूर्ण मिटते आणि घासून पुन्हा धारदार करता येते.

आता पाते किती लांब असावे? गोणी, दोरी, फळ, नळी आणि कोवळी फांदी यांसाठी सात ते आठ सेंटिमीटर पुरेसे आहे. त्याहून लांब पाते खिशात जड होते आणि बारीक कामात हाताला आवरत नाही. लांबीइतकाच जाडीचा विचार करावा. पाठीकडे दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे आणि धारेकडे सपाट निमुळते होत गेलेले पाते सहज कापते. चार मिलिमीटर जाडीचे पाते दणकट दिसते, पण कांद्यात किंवा काकडीत घातले की कापण्याऐवजी फोड उकलते. धार सरळ असावी, दातेरी नको. दातेरी धार दोरीवर चांगली चालते, पण ती घरी साध्या दगडावर लावता येत नाही. गुळवेलीच्या कांड्याचे तुकडे करायचे, आंब्याच्या कोय कलमासाठी काडीला पाचरीचा तिरका छेद द्यायचा, अशा कामांत पातळ आणि सरळ धारेचा फायदा लगेच कळतो. कलमाचा छेद एका ओढीत गुळगुळीत उतरला पाहिजे. चेंगरलेली काडी जीव धरत नाही.

पोलादाची निवड करताना पाऊस विसरून चालत नाही. या दोन तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर खिसा ओला, हात ओले, त्यात घामाचे मीठ. साध्या कार्बन पोलादाला अशा वेळी रात्रीत तांब चढते, आणि कैरी-चिंचेच्या आंबटाने ते काळे पडते. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की ते स्टेनलेस म्हणवते. स्वस्त चाकूंवर ३ सीआर १३ किंवा ४२० असे लिहिलेले असते. या दोन्हींत क्रोमियम साधारण तेरा टक्के, पण कार्बन कमी, म्हणून गंज कमी धरतात आणि धारही लवकर सोडतात. ८ सीआर १३ एमओव्ही या पोलादात कार्बन सुमारे ०.८ टक्के असतो. त्यामुळे धार जास्त टिकते, गंजाला विरोध बऱ्यापैकी राहतो आणि किंमतही आवाक्यात असते. माफक खर्चात हाच मधला मार्ग चांगला. डी २ हे आणखी कठीण पोलाद आहे, पण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी बांधले गेल्यामुळे ते पुरते स्टेनलेस राहत नाही आणि साध्या दगडावर त्याला धार लावताना हात दुखतो. चाकूवर पोलादाचे नावच नसेल आणि नुसते ‘स्टेनलेस’ कोरलेले असेल, तर त्यासाठी फार पैसे मोजू नयेत.

इथे जाणकार शेतकरी म्हणेल की गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेल्या कोयत्याची सर या बाजारी पात्यांना नाही. ते खरे आहे. भात्यावर तापवून नीट पाणी दिलेले कमानपाट्याचे पोलाद उत्तम धार घेते आणि घाव सोसते. पण कोयता आकडीत उघड्यावर राहतो, रोज वापरात घासला जातो आणि संध्याकाळी पुसला जातो. घडीच्या चाकूचे पाते मुठीच्या बंद फटीत ओले राहते आणि गंज आधी सांध्यात धरतो, जिथे फडके पोचत नाही. म्हणून घाव घालायला लोहाराचे पोलाद आणि खिशात स्टेनलेस, ही वाटणी शहाणपणाची. पोलाद फार कठीण नसले तरी काम अडत नाही याचा जगातला मोठा पुरावा म्हणजे स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या या कारखान्याच्या चाकूंचे पोलाद मध्यम कठीण असते, आणि त्यांच्या सर्वाधिक परिचित नमुन्यात पात्याला कुलूपही नसते.

कुलूप म्हणजे उघडलेले पाते आपोआप मिटू नये म्हणून केलेली अडकण. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा जो साधा चाकू केला, त्याला सुरुवातीला कुलूप नव्हते. फिरवून बसवायची धातूची कडी १९५५ मध्ये आली. तो चाकू शेतकरी-कारागिरांसाठी होता आणि आजही तसाच बनतो. यातून घ्यायचा धडा असा की कुलूप असेल तर साधे आणि पक्के असावे, आणि नसेल तर पाठीची स्प्रिंग कडक असावी. कच्चे कुलूप कुलूप नसण्यापेक्षा घातक, कारण त्याच्या भरवशावर माणूस जोर लावतो आणि पाते बोटांवर मिटते. दुकानात हे तपासणे सोपे आहे. पाते उघडून बोटे त्याच्या वाटेतून बाजूला ठेवावीत, पाठ टेबलाच्या कडेवर टेकवावी आणि हलका दाब द्यावा. कुलूप सरकले तर चाकू परत करावा. मग पाते डावी-उजवीकडे हलवून सांधा ढिला आहे का पाहावे. मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसते का, टोक बाहेर डोकावत नाही ना, हे पाहावे. सांध्याला रिव्हेटऐवजी स्क्रू असेल तर बरे, म्हणजे चिखल साचला की उघडून धुता येतो आणि ढिला झाला की आवळता येतो.

कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवून चाकूबद्दल लिहिणे बेजबाबदारपणाचे ठरेल. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू या नियमांत शस्त्र म्हणून येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी केलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. आठ सेंटिमीटरचा चाकू या मर्यादेच्या खूप खाली आहे. पण तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदोबस्ताच्या काळात मनाई आदेश निघतो, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू, काठ्यासुद्धा बाळगायला बंदी असते. असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या पुढे चालत नाही, पण सणासुदीला आणि निवडणुकीत तो पुन्हा निघू शकतो. शहापूर-मुरबाड ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात, तर कल्याण ठाणे शहर आयुक्तालयाच्या. एका एसटीच्या प्रवासात हद्द बदलते आणि आदेशही बदलू शकतो. दुसरी अडचण खास शहापूरची. तानसा अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या व्याख्येत चाकू शस्त्रातच मोडतो. माहुली किल्ल्याच्या वाटेने अभयारण्यात जाणाऱ्या गिर्यारोहकाने हे आधी वनविभागाला विचारून घ्यावे. विमानाच्या केबिनमध्ये तर चाकू चालतच नाही. शहरात जायचे असेल आणि कामच नसेल, तर तो घरी ठेवणे चांगले.

बटणाने उघडणाऱ्या चाकूऐवजी साधा घ्यावा असे सुरुवातीला म्हटले, त्यामागे कायद्याचेही कारण आहे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणदार, गरारीदार अशा यंत्रणेने उघडणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा घातली. महाराष्ट्राला ती लागू नसली तरी यंत्रणा कशाकडे बोट दाखवते ते त्यातून कळते. दोन्ही हातांनी सावकाश उघडणारा, लाकडी किंवा साध्या रंगाच्या मुठीचा चाकू पाहणाऱ्याला अवजार वाटतो. काही जण म्हणतात, रानवाटेने एकटे जावे लागते, तेव्हा स्वसंरक्षणाला काहीतरी हवे. हा विचार मनातून काढून टाकावा. आठ सेंटिमीटरचे पाते ना बिबट्यापासून वाचवते ना माणसापासून. झटापटीत ते आपल्याच हातात शिरते आणि पुढे पोलिसांना उत्तर देताना हेतूच संशयास्पद ठरतो. अंधारात हातात बॅटरी आणि सोबतीला माणूस, हे संरक्षण खरे. तसेच सर्पदंशाच्या जागी चाकूने चीर देणे हा जुना आणि जीवघेणा समज आहे. चिरीने विष निघत नाही, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढतो. चावा घेतलेला अवयव न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

आता उरला दगड. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो, एक बाजू खरबरीत, एक मऊ. कोयता पाजवणाऱ्या हाताला हे काम नवे नाही, फक्त कोन लहान धरायचा. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडावर ठेवून पाते तेवढेच तिरके धरावे. पाणी शिंपडून खरबरीत बाजूवर एका अंगाने घासत राहिले की दुसऱ्या अंगाला बारीक काठ वळून येतो आणि अंगठ्याच्या पोटाला आडवा खरखरीत लागतो. तो सगळीकडे आला की बाजू बदलावी, मग मऊ बाजूवर हलक्या हाताने काठ उतरवावा. कागद न अडकता चिरला गेला की धार लागली. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल थंडीत गोठते आणि धूळ धरून ठेवते, म्हणून ते नको. कीटकनाशकाची पिशवी फोडलेल्या चाकूने फळ कधीही कापू नये. त्यासाठी वेगळे पाते ठेवावे.

हे सगळे बेरजेत मांडले तर हिशेब सरळ आहे. जो चाकू दर पावसाळ्यानंतर फेकावा लागतो तो कितीही स्वस्त असला तरी महाग पडतो, आणि ज्याच्यापायी बोट कापले जाते किंवा पोलीस ठाण्यात जावे लागते तो फुकटात मिळाला तरी घेऊ नये. सात-आठ सेंटिमीटरचे पातळ, सरळ धारेचे स्टेनलेस पाते, हलत नसलेला सांधा, पक्के कुलूप किंवा कडक स्प्रिंग आणि सोबत एक दगड: एवढे पाहिले की किमतीचा आकडा दुय्यम होतो. दुकानदाराने पहिला चाकू खटकन उघडून दाखवला, तर दुसरा मागावा आणि तो आधी स्वतःच्या हाताने उघडून-मिटून पाहावा.