माळवदाच्या घरात उजेड आणि झाडं

लातूर-नांदेडकडे जुन्या घराचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘माळवदानंच माणसं मारली, पाडून टाका.’ (माळवद म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत.) ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीच्या परिसरात हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. ही भीती खरी आहे. पण कोसळलं काय, तेही नीट पाहायला हवं. त्या भिंती दोन-अडीच फूट, काही त्याहून जाड होत्या. आत-बाहेर दगडाचे दोन थर आणि मधे माती नि कपच्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच, त्यामुळे हादऱ्यानं थर एकमेकांपासून सुटले. अनेक घरांत मात्र लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या.

ओझं वाढवलं ते आपणच. माळवद गळलं की पावसाळ्याआधी वर आणखी पांढरी माती चढवायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरमागे साधारण एक टन वजन. म्हणून नूतनीकरणाची सुरुवात रंगानं नाही, माती उतरवण्यानं व्हावी. मग वाळवी लागलेलं लाकूड बदलायचं, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालायचे, चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा द्यायचा आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे आधार लावायचे. भूकंपानंतर घरं मजबूत करताना हेच उपाय वापरले गेले. १९९३ साली लातूर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणलं जात होतं; २००२ च्या नकाशात ते तिसऱ्या क्षेत्रात आलं. त्यामुळे हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावं. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर त्यालाही आधी विश्वासात घ्यावं.

‘जुनं घर म्हणजे अंधार. रस्त्याकडे मोठी खिडकी पाडा.’ हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. मातीत रचलेल्या भिंतीला कोपऱ्याजवळ भगदाड पाडलं की तिथूनच ती दुबळी होते. या घरांत उजेड वरूनच येत असे, चौकातून आणि माळवदातल्या साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून. पुष्कळ ठिकाणी ही साणी बुजवली गेली आहेत. ती पुन्हा उघडावीत. फक्त वर आडवी काच बसवू नये. मेच्या मध्यावर लातुरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, नांदेडला त्यानंतर काही दिवसांनी. आडव्या काचेखालची खोली तेव्हा तापलीच म्हणून समजा. साण्याभोवती हातभर उंच कठडा करून उत्तरेकडे उभी काच आणि वर छोटा छज्जा दिला, तर उजेड मिळतो आणि ऊन बाहेर राहतं.

चौकावर पत्रा टाकून एक खोली वाढवणं हा तोट्याचा सौदा आहे. दिवसभर तापलेल्या जाड भिंती रात्री चौकाच्या मोकळ्या आकाशाखाली निवतात. पत्रा टाकला की उजेड आणि वारा दोन्ही जातात. सिमेंटच्या गिलाव्याचंही तसंच. त्यानं मातीत रचलेली भिंत पक्की होत नाही, ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. इथे चुन्याचाच गिलावा हवा.

‘लातूरला प्यायला पाणी नाही, बाग कशाची?’ एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही. पण शंभर चौरस मीटर छतावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर दहा हजार लिटर पाणी पडतं. ते गाळून आडात किंवा टाकीत सोडता येतं. मोरीचं पाणी वाळू-खडीतून गाळून कढीपत्ता, मोगरा, पारिजातकाला पुरतं. ‘वर मातीच आहे, तर गच्चीवरच बाग करू’ असं मात्र कोणी सुचवलं तर ठाम नकार द्यावा. जे ओझं उतरवलं तेच ओलं होऊन परत चढेल. झाडं चौकात आणि परसात लावावीत, भिंतीच्या पायापासून तीनेक फूट सोडून, जमिनीचा उतार भिंतीपासून दूर ठेवून. आणि भेगेत पिंपळाचं रोप दिसलं की ते कोवळं असतानाच मुळासकट काढावं.