निरोध फाटल्यानंतरचे ७२ तास

वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांची माहिती देण्याचा प्रघात आहे. त्याचबरोबर, ज्या विषयावर घरात सहसा बोलले जात नाही, अशा एका विषयाची माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमच्या समुपदेशन कक्षात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न असा : निरोध फाटला, आता एच.आय.व्ही.ची लागण झाली असेल काय आणि तपासणी केव्हा करावी? विचारणारी व्यक्ती विवाहित असो वा अविवाहित, स्त्री असो वा पुरुष, भीती सारखीच असते. या भीतीपोटी कोणी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून ‘निगेटिव्ह’ अहवाल हाती येताच निर्धास्त होतो, तर कोणी लाजेपोटी महिनोन् महिने झुरत राहतो. दोघांच्याही हातून उपचाराची मोलाची वेळ निसटते.

धोका किती?

निरोध फाटला म्हणजे लागण झालीच, असे नाही. मुळात जोडीदारास विषाणूची बाधा असावी लागते. ती असून उपचार चालू नसले, तरी योनिमार्गे झालेल्या संबंधातून स्त्रीस लागण होण्याचे प्रमाण दर १०,००० प्रसंगांत सुमारे ८ आणि पुरुषास सुमारे ४ इतके मानले जाते. गुदमार्गे संबंधात ग्रहण करणाऱ्या व्यक्तीसाठी ते सुमारे १३८ आहे. गुप्तरोगाचे व्रण असल्यास धोका वाढतो. याउलट, बाधित जोडीदार नियमित औषधे घेत असेल व त्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न आढळण्याइतके खाली राहिले असेल, तर लैंगिक संबंधातून त्याच्याकडून लागण होत नाही. मात्र बहुतेकांना जोडीदाराची स्थिती ठाऊकच नसते. म्हणून तर्क करीत न बसता डॉक्टरांकडे जावे.

तातडीने काय करावे?

अशा प्रसंगानंतर लागण टाळण्यासाठी जो प्रतिबंधक उपचार दिला जातो, त्यास ‘पेप’ म्हणतात. तो शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांत सुरू करणे उत्तम. ७२ तास उलटल्यावर त्याचा उपयोग होत नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही औषधे एकत्र असलेली गोळी दररोज एक, याप्रमाणे २८ दिवस घ्यावी लागते. ती कोणास द्यावी हे डॉक्टर ठरवितात. दुकानातून परस्पर आणून घेऊ नये आणि सुरू केल्यावर मध्येच सोडू नये. अंतर्भाग जंतुनाशकाने धुऊ नये. त्याने लाभ होत नाही, उलट इजा होते.

एच.आय.व्ही.च्या भीतीत इतर गोष्टींचा विसर पडतो. नको असलेली गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. हिपॅटायटिस ‘बी’ची लस आणि सिफिलिसची तपासणी यांविषयीही त्याच भेटीत विचारावे.

तपासणीचा हिशेब

दुसऱ्या दिवशीची तपासणी केवळ आधीची स्थिती सांगते. ती नोंद आवश्यक असते. परंतु ताज्या संसर्गाविषयी ती काहीच सांगत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंतच्या काळास ‘विंडो पिरियड’ म्हणतात. शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत होणाऱ्या चौथ्या पिढीच्या तपासणीत हा काळ १८ ते ४५ दिवसांचा, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीत २३ ते ९० दिवसांचा असतो. म्हणून सुरुवातीस, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणी करावी. पेप घेतलेल्यांनी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुढेही करावी. तोवर निरोध वापरावा व रक्तदान करू नये. ताप आला वा पुरळ उठले, यावरून निदान होत नाही. लक्षणे नसणाऱ्या व्यक्तीस बाधित ठरविण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या तपासण्यांचे निष्कर्ष जुळावे लागतात.

निरोध फाटण्याची कारणेही साधी असतात : खोबरेल तेल वा व्हॅसलिनचा वापर, मुदत संपलेले पाकीट, किंवा खिशातील पाकिटात उष्णतेत महिनोन् महिने ठेवलेला निरोध. तेलाने रबर कमकुवत होते. पाण्यावर आधारित वंगण वापरावे.

गोपनीयता आणि देणगीचा विनियोग

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्यानुसार तपासणीसाठी संमती आवश्यक आहे आणि माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. तेव्हा कुटुंबीयांनी आमच्याकडे अहवालाची चौकशी केल्यास आम्हांस नम्रपणे नकार द्यावा लागतो. त्याचा रोष मानू नये.

धर्मादाय निधीतून या औषधांवर खर्च कशासाठी, असा प्रश्न काही स्नेह्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी विनामूल्य होते. मात्र ही केंद्रे कामकाजाच्या वेळेतच चालतात. प्रसंग रात्री ओढवतो, शनिवारी ओढवतो, आणि सोमवारची वाट पाहण्यात ७२ तासांपैकी बराच भाग निघून जातो. यास्तव आमच्या अपघात विभागात ही औषधे सदैव ठेवलेली असतात. २८ दिवसांचा उपचार आणि आयुष्यभराचा उपचार यांतील अंतर हिशेब जाणणाऱ्यास वेगळे सांगणे नलगे. येणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करणे हे रुग्णालयाचे काम नव्हे. वेळेत औषध देणे हे आहे.

माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहे. आपल्या घरातील वा परिचयातील कोणी असा प्रश्न घेऊन आले, तर त्यास उपदेश करण्यापूर्वी रुग्णालयात पाठवावे, ही सर्व हितचिंतकांना आमची विनंती आहे.