डालग्यापासून घागऱ्यापर्यंत

कोंबडीची पिल्ले अंगणात इकडेतिकडे पळू नयेत व त्यांच्यावर घारीने झडप घालू नये, म्हणून खेड्यांतून त्यांच्यावर बांबूच्या कामट्यांचे डालगे पालथे घालतात. पालथे घातलेले डालगे वर अरुंद व खाली रुंद दिसते. दूर युरोपातील स्पेन देशातही कोंबड्यांच्या पिल्लांसाठी अशाच आकाराची वेताची टोपली असे. स्पॅनिश भाषेत पिल्लाला 'पोयो' म्हणतात. म्हणून त्या टोपलीचे नाव पडले 'पोयेरा'. मुलांनो, या साध्या शब्दाने पुढे केवढा मोठा प्रवास केला, ते ऐकण्यासारखे आहे.

सतराव्या शतकात स्पेनमधील श्रीमंत स्त्रिया कमरेभोवती कड्यांचा एक सांगाडा बांधीत आणि त्यावर घेरदार वस्त्रे घालीत. वेलास्केस या थोर चित्रकाराने 1656 साली राजकन्येचे एक प्रसिद्ध चित्र काढले. त्यातील त्या चिमुकल्या मुलीच्या पोशाखाचा घेर पाहिला, म्हणजे ही पद्धत ध्यानात येते. असे एक घेरदार वस्त्र वर अरुंद, खाली रुंद, म्हणजे हुबेहूब त्या टोपलीसारखे दिसे. लोकांनी त्यालाही 'पोयेरा' म्हणावयास आरंभ केला.

स्पेनमधील लोक समुद्र ओलांडून अमेरिका खंडात जात असत. त्यांच्याबरोबर त्यांची भाषा गेली आणि हा शब्दही गेला. नवल असे, की आज स्पेनमध्ये घागऱ्याला 'फाल्दा' म्हणतात. परंतु अमेरिकेत पोयेरा अजून नांदतो आहे. मात्र तो सर्वत्र सारखा राहिला नाही. अर्जेंटिनात कोणताही साधा घागरा म्हणजे पोयेरा. त्या देशाच्या राजधानीत तर उच्चारही पालटून 'पोशेरा' असा झाला आहे. पनामा देशात मात्र पोयेरा हा सणासमारंभाचा राष्ट्रीय पोशाख आहे. शुभ्र तलम कापडावर हाताने केलेले रंगीत भरतकाम, नाजूक जाळीच्या पट्ट्या आणि केसांत चालताना थरथरणारी फुलांसारखी आभूषणे असा त्याचा थाट असतो. असा एक पोशाख तयार होण्यास कित्येक महिने लागतात.

बोलिव्हियाच्या डोंगराळ प्रदेशात याच शब्दाला आणखी निराळा अर्थ आला. तेथील मूळ रहिवासी समाजातील अनेक स्त्रिया चुण्यांचा, जाड घेराचा पोयेरा नेसतात. 'पोयेरावाली स्त्री' म्हटले, की तिचा समाज, तिची बोली, तिची परंपरा हे सारे त्या दोन शब्दांत येते. शहरांतून या स्त्रियांना फार काळ हिणवले गेले. पोयेरा टाकून दिल्यावाचून पुष्कळ मुलींना शिक्षणाची वा नोकरीची वाट मोकळी होत नसे. 1989 साली रेमेदियोस लोसा ही स्त्री तेथील संसदेवर निवडून आली. ती पोयेरा नेसूनच सभागृहात गेली. तोवर असा पोशाख करणारी स्त्री तेथे सभासद म्हणून बसली नव्हती.

आता भाषांतरकाराची अडचण पाहा. इंग्रजीत तो पोयेऱ्याला 'स्कर्ट' म्हणेल. अर्जेंटिनातील मुलीच्या पत्रात हा शब्द अगदी नेमका बसेल. पण पनामातील आजीने नातीसाठी पेटीत जपून ठेवलेल्या पोयेऱ्याला 'स्कर्ट' म्हटले, तर त्या पोशाखाचा मान उरत नाही. तेथे मूळ शब्दच ठेवून त्याचे वर्णन जोडणे बरे. आणि बोलिव्हियातील 'पोयेरावाली स्त्री' जर नुसती 'स्कर्ट घातलेली बाई' झाली, तर तिने सोसलेला अपमान आणि मिळविलेला सन्मान, दोन्ही वाचकाच्या दृष्टीआड होतील.

ही अडचण केवळ परक्या भाषेची नाही. 'आई नवे पातळ नेसली' हे वाक्य घ्या. ज्याने 'ताक पातळ झाले' एवढेच ऐकले आहे, असा परभाषी मनुष्य त्याचा काय अर्थ करील? पातळ म्हणजे लुगडे, हे त्याला कोशात शोधावे लागेल; आणि ते नेसलेल्या आईकडे पाहून घरातील मुलांना काय वाटते, हे तर कोशातही सापडणार नाही.

म्हणून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारताना 'याचा अर्थ काय?' एवढेच विचारून थांबू नये. 'हा शब्द कोण, कोठे आणि कोणाविषयी बोलत आहे?' हेही विचारावे. वस्त्र ज्याच्या अंगावर असते, त्याचे होते. शब्दही ज्याच्या तोंडी असतो, त्याचा होतो. तो समजून घेणे म्हणजे त्या माणसालाच समजून घेणे होय.