झरा कुठून फुटतो

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरला शेजारच्या दोन वावरांत विहिरीच्या पाण्याची चौकशी केली, की दोन वेगळी उत्तरं मिळतात. एक विहीर मार्चमध्येच तळ गाठते, दुसरी मे ओलांडते. बोल नशिबाला लावला जातो. फरक बहुतेकदा फटींचा असतो.

जुलैत दोन चांगले पाऊस झाल्यावर बिनबांधणीच्या विहिरीत डोकावलं, की सगळं उघड्यावर दिसतं. वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे, मग पिवळट मुरूम, मग फुटका खडक आणि तळाशी काळा पाषाण. उन्हाळ्यात भेगाळलेली माती पहिला पाऊस घटाघटा पिते, मग फुगून भेगा बुजवते आणि पुढचं पाणी नाल्याकडे धावतं. मुरमापर्यंत जे पोचतं, त्यालाच वाट सापडते. फुटक्या खडकाच्या तळाशी आडवी ओली रेघ उमटते आणि तिथल्या एका फटीतून करंगळीएवढा झरा वाहतो. हातभर अंतरावरचा दगड कोरडा ठणठणीत. झऱ्याच्या फटीच्या कडा मात्र तांबूस-काळ्या, आत झाडाची केसाएवढी मुळं. पाण्याची ये-जा इथूनच आहे, याची ती खूण.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर इथे एकावर एक पसरले. थराच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकले. पोटातला भाग निवताना आकसून तडकला. घट्ट बेसाल्टात पाणी शिरत नाही, ते या तड्यांत आणि झिजलेल्या माथ्यात मावतं. तेही थोडकंच. शंभर घनमीटर मुरमाड खडकातून दोन-तीन घनमीटर पाणी हाती लागलं तरी पुष्कळ. मधे लाल गेरूचा पट्टा आला तर पाणी त्याच्यावरच अडतं.

म्हणून बोअर आणखी खोल नेला की पाणी लागणारच, हा हट्ट मला पटत नाही. खोलीबरोबर फटी सहसा मिटत जातात. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले, तरी बोअरच्या गाड्या फिरतातच.

खोल जाण्यापेक्षा पावसाचं पाणी जिरवणं बरं. पण त्यासाठी पुनर्भरणाचा खड्डा काळ्या मातीत थांबवून भागत नाही, मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. आणि नाल्याचं गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका. आधी गाळ बसायला एक खड्डा करा, मग दगड-गिट्टी-रेतीचा दुसरा. चिकणमातीने फटी बुजल्या, तर पावसाळ्यात विहीर भरलेली दिसेल आणि झरा मात्र बंद असेल.