नेटकडे धावणारी याना

विम्बल्डन, १९९३. महिला एकेरीची अंतिम लढत, तिसरा सेट. याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध ४-१ अशी पुढे आहे. सर्व्हिस तिचीच, गुण ४०-३०. हा एक गुण मिळाला की ५-१. पहिली सर्व्हिस चुकते. दुसरी जपून टाकावी, तर ती जोर लावते आणि चेंडू लांब बाहेर पडतो. डबल फॉल्ट! तिथून ग्राफने सलग पाच गेम घेतले. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणारी याना साऱ्या जगाने पाहिली आणि ‘दडपणाखाली कोसळणारी’ हा शिक्का तिच्यावर बसला.

मला तो शिक्का अपुरा वाटतो. दडपण होतंच, पण तिचा खेळही समजून घ्यायला हवा. सर्व्हिस करायची, लगेच नेटकडे धावायचं आणि परत आलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच मारायचा, ही तिची रीत. विम्बल्डनच्या गवतावर चेंडू फारसा उसळत नाही, म्हणून तिथे ती फळते. मात्र सर्व्हिस मिळमिळीत पडली, तर पुढे आलेल्या खेळाडूच्या बाजूने प्रतिस्पर्धी सरळ फटका काढून नेते. त्यामुळे दुसऱ्या सर्व्हिसलाही हात आखडता घेता येत नाही. ज्या धाडसाने यानाने उपांत्य फेरीत मार्टिना नवरातिलोवाला हरवलं, तेच अंतिम फेरीत अंगाशी आलं.

तरी तिने खेळ बदलला नाही. नेटजवळच्या याच हुकमतीवर तिने महिला दुहेरीची १२ आणि मिश्र दुहेरीची ४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. एकेरी मात्र हुलकावणी देत राहिली. १९९७ च्या विम्बल्डन अंतिम फेरीत पहिला सेट जिंकूनही ती १६ वर्षांच्या मार्टिना हिंगिसकडून हरली. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत हिंगिसला आणि अंतिम फेरीत नताली तोझियाला हरवून, वयाच्या २९ व्या वर्षी, ती विजेती झाली. करंडक तिच्या हाती दिला तो डचेस ऑफ केंट यांनीच.

यानाच्या निवृत्तीनंतर तिच्याच ब्रनो शहरातली तरुण टेनिसपटू बार्बोरा क्रेचिकोव्हा आईसोबत मार्गदर्शन मागणारी चिठ्ठी घेऊन तिच्या दारात आली. यानाने तिला हाताशी धरून शिकवलं. २०१७ मध्ये, अवघ्या ४९ व्या वर्षी, कर्करोगाने यानाला नेलं. २०२४ मध्ये बार्बोरा विम्बल्डन जिंकली. विजेत्यांच्या फलकावर यानाच्या नावासोबत आपलं नाव पाहिलं, तेव्हा तिला रडू आवरेना. विम्बल्डनमधले हे अश्रूही यानाच्या कारकिर्दीचेच.